इंजिन तापतं म्हणून गाडीला पंखा लावताय? आधी हे वाचा

चंद्रपूर/गडचिरोली : पारा ४५ च्या वर गेला की मोबाईलवर एक प्रकारचे व्हिडिओ हमखास फिरायला लागतात. मोटारसायकलच्या इंजिनासमोर छोटा बारा व्होल्टचा पंखा बांधलेला, बॅटरीवरून दोन वायरी ओढलेल्या, आणि सांगणारा सांगतोय की आता इंजिन गरमच होणार नाही. असे पंखे ऑनलाइन मिळतात. काही जण जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा काढून लावतात, तर काही जण जीपचा मोठा पंखा बसवायच्या गोष्टी करतात.

उत्तर आधीच सांगून टाकतो. चालत्या गाडीला हा पंखा जवळपास काहीच कामाचा नाही. उभ्या गाडीला थोडाफार कामाचा आहे. आणि चुकीचा जोडला तर इंजिन थंड होणं राहिलं बाजूला, वायरिंग जळतं.

असं का, ते समजून घ्यायला दहा मिनिटं लागतील. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना भर जंगलात पिस्टन पकडला आणि मोबाईलला नेटवर्क नाही, अशी वेळ येण्यापेक्षा ती दहा मिनिटं परवडली.

इंजिनात उष्णता किती तयार होते?

आपल्याकडे सगळ्यात जास्त चालणाऱ्या गाड्या म्हणजे शंभर ते सव्वाशे सीसीच्या. स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, शाईन. अशी गाडी सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने चालली आणि लिटरला ६० चं अॅव्हरेज देत असली, तर तासाला साधारण पाऊण लिटरच्या आत पेट्रोल लागतं. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून विजेच्या हिशोबाने जवळपास ९ युनिट ऊर्जा निघते. म्हणजे तासाला ६ युनिट. यातला जेमतेम चौथा हिस्सा चाक फिरवायला लागतो. बाकी सगळी उष्णता. तिचा मोठा भाग सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जातो, आणि उरलेली दीड-दोन हजार वॅटची उष्णता इंजिनाच्या अंगातून बाहेर पडावी लागते.

दीड-दोन हजार वॅट म्हणजे किती? घरी बादलीत पाणी तापवायची मोठी रॉड असते ना, तेवढी. ती रॉड इंजिनाच्या आत कायम चालू आहे असं समजा. घाट चढताना, मागे दोन माणसं आणि मध्ये धानाची चुंगडी असताना, हाच आकडा आणखी वाढतो.

ही उष्णता बाहेर काढायला इंजिनाच्या सिलिंडरला आणि वरच्या हेडला आडव्या पट्ट्या दिलेल्या असतात. मिस्त्री त्यांना फिन म्हणतात. पट्ट्यांमुळे हवेला लागणारी जागा कितीतरी पट वाढते. गाडी पळाली की समोरची हवा या पट्ट्यांमधून जाते आणि उष्णता घेऊन मागे निघून जाते. म्हणजे साध्या मोटारसायकलचा पंखा हा तिचा वेगच आहे.

आता तुलना करा. ताशी ४० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या इंजिनावर हवाही ताशी ४० नेच आदळते. कॉम्प्युटरमधला वीतभर पंखा जी हवा फेकतो, तिचा वेग ताशी आठ-दहा किलोमीटर. सायकलवाला आरामात त्याच्या पुढे जाईल. गाडीने पंधराचा वेग पकडला की त्या पंख्याचं काम संपलं. उलट तो समोर बांधलेला असेल तर येणाऱ्या वाऱ्याला आडवा येतो, आणि ज्या पट्ट्या थंड करायच्या त्यांनाच झाकून टाकतो. पैसे देऊन इंजिनाच्या तोंडावर झाकण लावल्यासारखं आहे हे.

मग उन्हाचा काहीच दोष नाही का?

आहे, पण आपण समजतो तेवढा नाही. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं उन्हाळ्यात देशभरच्या बातम्यांत येतात. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ च्या पुढे गेला होता. अशा वेळी वाटतं की एवढ्या उन्हात गाडी चालवली की इंजिन गेलंच.

साधा हिशोब मांडू. पट्ट्यांचं तापमान १५० अंश आहे असं धरा. हिवाळ्यात दुपारी हवा २५ अंशांची असते, फरक १२५ चा. मे महिन्यात हवा ४५ ची, फरक १०५ चा. उष्णता किती वेगाने बाहेर पडेल ते या फरकावर ठरतं. म्हणजे त्याच वाऱ्यात उन्हाळ्यात साधारण सहावा हिस्सा कमी उष्णता बाहेर पडते, आणि इंजिन वीसेक अंश जास्त तापून तिथे स्थिर होतं. चांगल्या हालतीतलं इंजिन एवढं सहन करतं. कंपनीवाले गाडी बनवताना राजस्थानचं ऊनही धरतात आणि आपलंही.

पण हे झालं चांगल्या हालतीतल्या इंजिनाचं. ज्याच्यात ऑईल कमी आहे, पट्ट्यांत चिखल बसला आहे, मागचा ब्रेक घासतो आहे, त्याच्यासाठी हे वीस अंश म्हणजे काठावर उभ्या माणसाला दिलेला धक्का. म्हणून गाड्या मे महिन्यात बंद पडतात आणि नाव उन्हाचं होतं.

आणखी एक. इंजिनाला हात लागला आणि चटका बसला, किंवा पाण्याचा थेंब टाकला आणि तो चर्र करून उडाला, तर घाबरू नका. चालून आलेल्या इंजिनाचं डोकं शंभर अंशांच्या वर असणारच. ते जास्त तापलंय की नाही हे हाताने कळत नाही, त्याची लक्षणं वेगळी आहेत. ती पुढे सांगतो.

पंखा असतो, पण तो कंपनीने दिलेला

पंख्याने इंजिन थंड करणं ही काही नवी करामत नाही. १९७२ साली आलेला बजाज चेतक ज्यांच्या घरी होता, त्यांना आठवत असेल. त्याचं इंजिन उजव्या बाजूच्या पत्र्याच्या डब्याआड लपलेलं असायचं, तिथे वारा पोचतच नसे. म्हणून मॅग्नेटच्या चाकालाच पाती दिलेली होती. इंजिन फिरलं की पंखा फिरणार, गाडी उभी असो की पळत असो. काळ्या-पिवळ्या ऑटोरिक्षाचं इंजिन मागच्या सीटखाली असतं, तिथेही हीच युक्ती. आजच्या अॅक्टिव्हा, ज्युपिटर, अॅक्सेस या स्कुटींमध्ये मॅग्नेटवर प्लास्टिकचा पंखा असतो आणि त्याच्याभोवती कव्हर असतं.

या कव्हरबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथे नुकसान होताना दिसतं. कव्हर दिसायला बिनकामाचं प्लास्टिक वाटतं, पण पंख्याने ओढलेली हवा सिलिंडरच्या चारही बाजूंनी फिरवायचं काम तेच करतं. सर्व्हिसिंगला उघडलं आणि एखादा स्क्रू हरवला म्हणून तसंच सैल ठेवलं, किंवा तुटलं म्हणून काढूनच टाकलं, तर पंखा फिरतो पण हवा भलतीकडेच जाते आणि इंजिन आतून भाजतं. घराच्या पडवीत तणसाच्या ढिगाजवळ स्कुटी उभी राहत असेल, तर पंख्याच्या जाळीत तणस, पिशवीचा तुकडा, पाला अडकला आहे का ते महिन्यातून एकदा बघा. उंदीर तर अशा जागी घरच करतो.

थोडक्यात, जिथे वारा पोचत नाही तिथे कंपनीने पंखा दिला आहे. जिथे पोचतो तिथे दिलेला नाही. तुमच्या मोटारसायकलला पंखा नाही याचं कारण कंपनीची कंजुषी नव्हे.

लावायचाच म्हटला तर?

काही कामं अशी आहेत की गाडी उभी असते आणि इंजिन चालू. लाईट गेली म्हणून गाडी चालू ठेवून मोबाईल चार्ज करणारे आहेत. गाडी स्टँडवर लावून मागच्या चाकावर पट्टा चढवून जुगाडाची कामं करणारे आहेत. गॅरेजमध्ये मिस्त्री गाडी उभी ठेवून वीस-वीस मिनिटं ट्यूनिंग करतात. अशा वेळी पट्ट्यांना वारा मिळत नाही आणि इंजिन हळूहळू तापत जातं. इथे पंखा खरंच उपयोगी पडतो. पण त्यासाठी गाडीला पंखा जोडायची काय गरज? घरातला टेबल फॅन समोर ठेवा. हुशार मिस्त्री तेच करतात.

गाडीच्या बॅटरीवर पंखा जोडणाऱ्यांनी आधी विजेचा हिशोब करावा. शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी तीन-चार अँपिअर-अवरची असते. इंजिन फिरताना मॅग्नेटमधून जी वीज तयार होते तीही मोजकीच, आणि गाडी जागेवर हळू चालू असताना तर फारच कमी. त्यातली ३५ वॅट एकट्या हेडलाईटला लागते, आणि १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांचा हेडलाईट दिवसाही बंद होत नाही. कॉम्प्युटरचा पंखा दोन-चार वॅटचा, तो चालून जाईल. पण जीपच्या रेडिएटरचा पंखा शंभर वॅटच्या घरातला असतो. तो आठ अँपिअर ओढतो. बॅटरी अर्ध्या तासाच्या आत बसेल, आणि मधल्या काळात बारीक वायर तापून तिचं प्लास्टिक वितळेल. ही वायर बहुतेक जण कुठून नेतात? टाकीखालून, पेट्रोलच्या नळीला चिकटून.

तरीही हौस असेल, तर पंखा पाच वॅटच्या आतला घ्या. वायर चावीच्या लाईनवरून घ्या, थेट बॅटरीवरून नको. पंख्याला स्वतःचा एक-दोन अँपिअरचा फ्यूज द्या. आणि तो समोर नाही, बाजूला बसवा. नव्या गाडीत असं कापाकापी करून जोडलं की वॉरंटीचा वाद होतो, तेही लक्षात असू द्या.

खरं इंजिन कशाने भाजतं

पहिलं नाव ऑईलचं. इंजिन ऑईल फक्त घर्षण कमी करतं असं अनेकांना वाटतं. पण पिस्टन थेट वाऱ्याला लागत नाही. त्याची उष्णता काही सिलिंडरच्या भिंतीतून जाते आणि काही ऑईल सोबत घेऊन खाली येतं. शंभर सीसीच्या गाडीत ऑईल असतं एक लिटरच्या आत-बाहेर. त्यातलं तीनशे मिली कमी झालं तर तिसरा हिस्सा गेला. उरलेलं ऑईल जास्त तापतं, पातळ होतं, पिस्टन आणि सिलिंडरमधला थर तुटतो, आणि धातूवर धातू घासून पिस्टन पकडतो. बोअरिंग, नवं पिस्टन, मजुरी धरून हजारोंचा खर्च आहे, वर हंगामाच्या दिवसांत गाडी गॅरेजमध्ये.

ऑईल तपासायची पद्धतही बहुतेक जण चुकवतात. गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर उभी करा, बाजूच्या स्टँडवर तिरपी नको. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, परत दोन-तीन मिनिटं थांबा. मग दांडी बाहेर काढून कापडाने पुसा आणि परत घाला. हिरो आणि होंडाच्या साध्या गाड्यांत दांडी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. इतर गाड्यांचं सोबतच्या पुस्तकात बघा. काही गाड्यांना दांडीच नसते, काचेची खिडकी असते. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्या खाली असेल तर त्याच दिवशी भरा. वरच्या खुणेच्या वर भरणंही चांगलं नाही.

ऑईल कोणतं? ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं उरलेलं गाडीत ओतायची सवय आपल्या खेड्यांत आहे. ती सोडा. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडलेला असतो. कारच्या किंवा दुसऱ्या ऑईलने तो घसरू शकतो, आणि घसरणारा क्लच ही वेगळीच भट्टी. डब्यावर चार स्ट्रोकसाठीचं ‘४टी’ आणि ‘जासो एमए’ असं लिहिलेलं बघून घ्या, जाडीचा आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेलाच ठेवा.

दुसरं कारण फुकटात सुटणारं आहे. पट्ट्यांमधला चिखल. रोवणीच्या दिवसांत बांधावरून, पांदण रस्त्यावरून गाडी नेली की पुढचं चाक सगळा चिखल इंजिनावर फेकतं. तो उन्हाळ्यापर्यंत वाळून विटेसारखा घट्ट होतो. एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ, घुग्घुस-राजुरा पट्ट्यात कोळशाची काळी धूळ. गॅस्केटमधून थोडं ऑईल पाझरत असेल तर ही धूळ त्यावर बसून लेपच तयार होतो. मातीचा लेप म्हणजे इंजिनाला घोंगडी पांघरणं. गाडी पूर्ण थंड असताना लाकडी काडी आणि जुन्या ब्रशने पट्ट्या मोकळ्या करा, मग पाणी मारा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, पट्टी तुटते.

तिसरं, समोर बांधलेलं सामान. लेगगार्डला दोन्ही बाजूंनी पिशव्या, मध्ये गोणपाट, पावसाळ्यात पायावर चिखल उडू नये म्हणून लावलेलं फ्लेक्सचं तुकडं जे उन्हाळ्यातही तसंच असतं. एखाद्या पुढाऱ्याचा हसरा चेहरा इंजिनाचा वारा अडवून बसलेला असतो. ते आधी काढा. हा पंखा लावण्यापेक्षा कितीतरी मोठा फरक आहे.

मागचा ब्रेक घट्ट केलेला असेल तर गाडी सतत ब्रेक दाबून चालल्यासारखी चालते. मधल्या स्टँडवर चाक हाताने फिरवून बघा, मोकळं फिरलं पाहिजे. चेन अति ताणलेली नको. टायरमध्ये हवा कमी नको. एअर फिल्टर धुळीने भरला की गाडी ओढत नाही, मग आपण अॅक्सिलेटर जास्त पिळतो. व्हॉल्व्हची सेटिंग बिघडली, कार्बोरेटरवाल्या गाडीत हवा-पेट्रोलचं प्रमाण चुकलं, तरी इंजिन जास्त तापतं. ही कामं मिस्त्रीची, पण त्याला सांगायचं काम तुमचं.

आणि चालवण्याची पद्धत. जिवतीचा डोंगर चढताना किंवा कोरचीकडे बेडगाव घाटात, अनेक जण वरच्या गिअरमध्येच गाडी रेटतात आणि अर्धा क्लच दाबून धरतात. इंजिन टक-टक आवाज करतं, वेग पंधरा-वीसवर आलेला, म्हणजे वारा कमी आणि काम सगळ्यात जास्त. खालचा गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा, इंजिनाला मोकळं फिरू द्या. आवाज वाढतो म्हणून घाबरू नका, ते इंजिनासाठी बरं आहे. नाल्याच्या रेतीतून जातानाही तेच. रेल्वे फाटकावर किंवा ट्रकांच्या रांगेमागे दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं दिसलं तर गाडी बंद करा.

पेट्रोलचंही बघा. आतल्या गावांत पंप लांब, म्हणून दुकानात बाटलीतलं पेट्रोल घ्यावं लागतं. नाईलाज असतो, मान्य. पण त्यात रॉकेल मिसळलेलं असेल तर ते वेळेआधीच भडकतं, इंजिन टकटकतं आणि पिस्टनचं डोकं भाजतं. बाटलीतलं पेट्रोल टाकल्यावर चढावर नवा टक-टक आवाज यायला लागला, तर पुढच्या वेळी दुसरीकडून घ्या.

जाता जाता, उन्हाळ्यात टाकी फुल केली की स्फोट होतो, असा मेसेज दरवर्षी फिरतो. त्यात तथ्य नाही, इंडियन ऑईलनेच तसं जाहीर केलेलं आहे. टाकी कंपनीने सांगितलेल्या खुणेपर्यंत भरायला हरकत नाही, तोंडापर्यंत उतू जाईल अशी कधीच भरू नये.

रस्त्यात गाडी तापली तर

लक्षणं अशी. अॅक्सिलेटर तेवढाच पण गाडीची ओढ कमी झाली. चढावर धातूचा टक-टक आवाज. जळकट वास. चावी बंद केली तरी इंजिन क्षणभर फटफटत राहतं. बंद केल्यावर किक नेहमीपेक्षा जड. यातलं काहीही दिसलं की ती गाडीची शेवटची हाक समजा. तसंच पुढे रेटलं तर पुढचा टप्पा पिस्टन पकडण्याचा, आणि चालत्या गाडीत पिस्टन पकडला तर मागचं चाक जागेवर जाम होऊन गाडी घसरते. अशा वेळी क्लच पूर्ण दाबून धरायचा, म्हणजे चाक मोकळं होतं.

थांबायचं कुठे, हाही आपल्या भागात प्रश्न आहे. ताडोब्याच्या बफरमधून, सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर झुडपात अर्धा तास एकट्याने थांबणं धोक्याचं. म्हणून ओढ कमी झाली हे गावाच्या अलीकडे कळलं तर गावातच थांबा, ‘पुढं बघू’ म्हणून जंगलात शिरू नका. जंगलातच कळलं तर अॅक्सिलेटर कमी करून हळू, हलक्या हाताने मोकळ्या जागेपर्यंत जा. मागे बसलेल्याला चढावर उतरवा. पण टक-टक वाढत असेल तर मात्र लगेच बंद.

बंद केल्यावर वीस-तीस मिनिटं सावलीत थांबा. ऑईल बघा. आणि इंजिनावर पाणी ओतू नका. हे ठळक लिहावं असं वाटतं, कारण बाटली हातात असते आणि मोह होतो. तापलेल्या धातूवर एकदम थंड पाणी पडलं की एक बाजू आकसते, दुसरी नाही. हेड वाकडं होऊ शकतं, चीर पडू शकते, प्लगमध्ये पाणी गेलं तर गाडी चालूही होत नाही. ते पाणी तुम्ही प्या. वॉशिंग सेंटरवरही गाडी आणल्या आणल्या फवारा मारू देऊ नका.

पाण्याने थंड होणाऱ्या गाड्या

पल्सर एनएस २००, आर१५, ड्यूक अशा गाड्या आता तालुक्याच्या गावांतही पोरांकडे दिसतात. यांच्या इंजिनात कूलंट फिरतं आणि समोर रेडिएटर असतो. त्यामागे कंपनीने दिलेला विजेचा पंखा आहे. कूलंट ठराविक मर्यादेपुढे तापलं की तो आपोआप सुरू होतो, काही वेळा चावी बंद केल्यावरही थोडा वेळ फिरतो. तो बिघाड नाही.

बिघाड कोणता? गर्दीत, उन्हात, गाडी उभी असताना तापमानाचा लाल दिवा लागला आणि तरी पंख्याचा आवाज नाही. फ्यूज उडाला असेल, वायर निघाली असेल, नाहीतर चिखलाने पाती अडकली असतील. तसंच चालवत राहिलात तर दहा-पंधरा मिनिटांत हेडचं गॅस्केट जाऊ शकतं. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका. आत दाब असतो, उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. गाडी पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचं. अडचणीत साधं पाणी टाकून घरी आलात तर चालेल, पण नंतर ते काढून कूलंट भरून घ्या, नाहीतर आत गंज धरतो.

तेंदूच्या दिवसांत एवढं बघा

फेब्रुवारीपासून पावसापर्यंत जंगलात पालापाचोळा वाळलेला असतो. मोहफूल वेचायला, तेंदूच्या फळीवर, सरपणाला जाताना गाडी रस्ता सोडून झाडाखाली लावली जाते. चालून आलेल्या गाडीचा सायलेन्सर, विशेषतः इंजिनाजवळचा पाईप, इतका गरम असतो की वाळलेलं गवत त्याला टेकलं तर पेटू शकतं. २०२० नंतरच्या बीएस सहा गाड्यांत धूर साफ करणारा भाग बसवलेला असतो, तोही फार तापतो. गाडी मुरमाच्या, मोकळ्या जागेवर लावा. तशी जागा नसेल तर पायाने पाला दूर सारून खालची माती उघडी करा, सायलेन्सर आणि पाला यांच्यात वीतभर अंतर ठेवा, आणि इंजिनाखाली, साखळीच्या कव्हरजवळ अडकलेल्या गवताच्या काड्या निघण्याआधी काढून टाका. लहान पोरं सोबत असतील तर गाडी अशी लावा की सायलेन्सरची बाजू त्यांच्याकडे येणार नाही. पोटरीला बसलेला चटका बरा व्हायला आठवडे लागतात.